कोणाच्या तारेवरून आलात?

मार्च २०१६ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या टी-मोबाइल कंपनीचे प्रमुख जॉन लेजर यांनी जाहीर चिमटा काढला, की नेटफ्लिक्स आमच्या नेटवर्कवर स्वच्छ दिसतं, व्हेरायझन आणि एटी अँड टीवर मात्र चित्र धुरकट येतं. ऐकणाऱ्यांचा संशय जायचा तिथेच गेला. फोन कंपन्यांनी व्हिडिओ दाबून धरला असणार, दुसरं काय! वर्षभरापूर्वीच तिथल्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे इंटरनेट कंपनीने सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं याचे, कडक नियम केले होते. त्यामुळे हा सरळसरळ नियमभंगाचा मामला वाटत होता. दोन्ही फोन कंपन्यांनी कानावर हात ठेवले आणि थोड्याच दिवसांत खरा प्रकार बाहेर आला. चित्र धुरकट करत होतं खुद्द नेटफ्लिक्स. या कंपन्यांच्या मोबाइल ग्राहकांना सेकंदाला ६०० किलोबिटच्या वर व्हिडिओ द्यायचाच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. पाच वर्षांहून अधिक काळ हे गुपचूप चालू होतं.

नेटफ्लिक्सचं म्हणणं असं, की ग्राहकांचा डेटा भराभर संपून त्यांना जादा बिल येऊ नये म्हणून आम्ही हे केलं. स्प्रिंट आणि टी-मोबाइलच्या ग्राहकांना ही मर्यादा नव्हती, कारण त्या कंपन्या डेटा संपला की जादा पैसे लावण्याऐवजी वेग कमी करायच्या. हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने ज्या कंपनीने सगळ्यात मोठ्याने गळा काढला होता, तीच ग्राहक कोणत्या कंपनीकडून आलाय ते बघून पंगतीत वाढत होती. त्यावर एफसीसीचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांचं उत्तर काय, तर हा प्रकार आमच्या नियमांच्या कक्षेत येत नाही. नियम तार टाकणाऱ्याला आहेत, तारेवरून माल पाठवणाऱ्याला नाहीत.

हे नियम माल पाठवणाऱ्यालाही लावावेत का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. एका बाबतीत लावावेत, आणि त्या एका बाबतीपलीकडे अजिबात लावू नयेत. ती बाब कोणती, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

तार टाकणाऱ्यालाच का बांधलं, त्याला कारण आहे. वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याने गिऱ्हाइकांत डावं-उजवं करू नये ही कल्पना इंटरनेटच्या कितीतरी आधीची. आपल्या १९८९ च्या रेल्वे कायद्यात कलम ७० आहे. मालवाहतुकीत कोणा एका व्यक्तीला किंवा एका प्रकारच्या मालाला रेल्वेने गैरवाजवी झुकतं माप देऊ नये, असं ते सांगतं. टिम वू या प्राध्यापकांनी २००३ मध्ये नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द रुळवला तेव्हा त्यामागेही हाच विचार होता. घरात येणारी तार एकच असते, ती बदलायची म्हणजे कटकट. एका वेबसाइटवर राग आला तर दुसरी उघडायला अर्धं मिनिट लागतं.

भारतात हा वाद पेटला २०१५ मध्ये. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा डेटा दर जाहीर केला आणि आरडाओरडा झाल्यावर मागे घेतला. मार्चअखेर ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने, ओटीटीबद्दलचा (इंटरनेटवरून मिळणाऱ्या कॉल, व्हिडिओ अशा सेवांबद्दलचा) मसुदा चर्चेला ठेवला, जेमतेम कोणी वाचेल असा जाडजूड. एप्रिलमध्ये ‘एअरटेल झीरो’ आलं, म्हणजे ठरावीक ॲपचा डेटा ग्राहकाला फुकट आणि त्याचे पैसे ॲपवाल्याने भरायचे, आणि लोकांच्या दबावामुळे आठवड्याभरात फ्लिपकार्ट त्यातून बाहेर पडलं. दहा लाखांहून जास्त ईमेल ट्रायकडे गेले. त्यात माझाही होता, तयार मजकुराखाली नाव घातलेला. ट्रायने मग ते सगळे ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट आपल्या वेबसाइटवर टाकून दिले! जाहिरातवाल्यांना दिवाळी आधीच आली.

त्याच वर्षाअखेर फेसबुकचं फ्री बेसिक्स आलं, आणि या लेखाचा विषय खरं तर तिथेच आपल्या दारात उभा होता. मोजक्या वेबसाइट फुकट, बाकीच्यांना पैसे. कोणती वेबसाइट या फुकटच्या यादीत बसते याच्या तांत्रिक अटी कोण ठरवणार? फेसबुक. तार रिलायन्स कम्युनिकेशन्सची, पण दारावर उभा माणूस कंटेंटवाल्याचा. मार्क झुकरबर्ग यांनी इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात उदाहरण दिलं ते महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचं. त्याला म्हणे फ्री बेसिक्सवर हवामान आणि बाजारभाव कळू लागले. मला तेव्हा वाटायचं, त्या शेतकऱ्याला बाजारभावांची दुसरी एखादी वेबसाइट बघायची असती तर? ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने भेदभावी डेटा दरांवर बंदी घातली. मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये, जास्तीत जास्त ५० लाख दंड. काही दिवसांत फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला.

पण त्या नियमाची भाषा बघा. तो बांधतो ‘सेवा पुरवठादाराला’, म्हणजे परवानाधारक दूरसंचार कंपनीला. तिने कोणाशीही असा करार करायचा नाही, एवढंच. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत नेट न्यूट्रॅलिटीची अट घातली. अडवणं, दर्जा घसरवणं, वेग कमी करणं किंवा कोणाला जास्त वेग देणं, सगळं बंद. जगातल्या कडक नियमांपैकी एक म्हणून त्याचं कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. पण परवानाच नसलेल्याला परवान्याची अट कशी लागणार? समजा फेसबुकने उद्या स्वतःहून ठरवलं, की अमुक कंपनीच्या ग्राहकांना आमचे व्हिडिओ हळू द्यायचे, तर आपल्याकडचा नेट न्यूट्रॅलिटीचा एकही नियम त्याच्या वाटेला जात नाही.

हे ‘उद्या’ अमेरिकेत काल-परवाच होऊन गेलं आहे. ईएसपीएन ३६० ही खेळांची वेबसेवा साधारण २००९ च्या सुमारास वेगळ्याच पद्धतीने चालायची. ती तुम्हाला विकत घेता येत नसे. तुमच्या इंटरनेट कंपनीने ईएसपीएनला दर ग्राहकामागे पैसे दिले असतील तर ती तुम्हाला दिसणार, नाहीतर नाही. सामना बघणारा एक आणि त्याचे पैसे भरणारे शंभर, आणि लहान इंटरनेट कंपन्यांना घासाघीस करायची सोय नाही. त्यांच्या संघटनेने आरडाओरडा केला, की आम्हाला न्यूट्रल राहायला सांगता आणि हे काय? दाद लागली नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये टीव्ही वाहिन्यांची कंपनी फॉक्स आणि घरोघर केबल व इंटरनेट देणारी केबलव्हिजन यांचं वाहिन्यांच्या पैशांवरून भांडण झालं. फॉक्सने वाहिन्या बंद केल्याच, पण काही तास केबलव्हिजनच्या इंटरनेट ग्राहकांना हुलू या व्हिडिओ वेबसाइटवरचे आपले कार्यक्रमही बंद केले. ज्यांच्याकडे केबलव्हिजनचं फक्त इंटरनेट होतं आणि टीव्ही दुसऱ्याचा होता, त्यांनाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सीबीएस या टीव्ही कंपनीने टाइम वॉर्नर केबलबरोबर तेच केलं, आणि या वेळी महिनाभर. भांडण न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, डॅलसच्या वाहिन्यांचं, पण टाइम वॉर्नरचं इंटरनेट वापरणाऱ्या देशभरातल्या कोणालाही सीबीएसच्या वेबसाइटवर पूर्ण भाग बघता येईना. वेबसाइट फुकट होती, सगळ्या जगाला उघडी होती, या एका तारेवरून येणाऱ्यांनाच तेवढी बंद. २०१४ मध्ये व्हायाकॉमने केबल वनबरोबर हेच केलं. या खेळात ग्राहक हा ओलीस असतो. त्याने वाकडं काहीच केलेलं नसतं. त्याच्या इंटरनेट कंपनीला वाकवण्यासाठी त्याचा कान पिरगाळला जातो.

एसटी स्टँडबाहेरचा भेळवाला तुम्हाला पैसे मागेल, सुटे मागेल, कांदा महाग झालाय म्हणून कांदा कमी घालेल. पण तुम्ही लालपरीने आलात की वडापने, हे विचारून भेळ नाकारणार नाही. सीबीएसने नेमकं हेच विचारलं होतं. माझी ती ‘एक बाब’ हीच. कंटेंट देणाऱ्याने मी वर्गणी भरली का हे जरूर विचारावं, मी कोणत्या देशात आहे हेही हक्कांच्या करारापुरतं विचारावं. पण मी कोणाच्या तारेवरून आले, हे विचारून दार लावू नये.

त्यापलीकडे का नको, हेही बोलायला हवं, कारण ‘त्यांनाही न्यूट्रल करा’ ही मागणी ऐकायला फार गोड वाटते. २०१७ च्या नोव्हेंबरात एफसीसीचे नवे अध्यक्ष अजित पै यांनी भाषण ठोकलं, की खुल्या इंटरनेटला खरा धोका तारवाल्यांपासून नाही, ट्विटरसारख्या कंपन्यांपासून आहे. कोणाचं बोलणं दिसावं नि कोणाचं नाही हे त्या ठरवतात. यात तथ्य होतं. पण तथ्य सांगून त्यांनी केलं काय? पुढच्याच महिन्यात, १४ डिसेंबरला, तारवाल्यांवरचे नियम रद्द केले आणि ट्विटरला काहीच केलं नाही. दुसऱ्याच्या पापाकडे बोट दाखवून पहिल्याला सोडून द्यायचं, हा युक्तिवाद तेव्हापासून जगभर फिरतो आहे.

समजा खरोखरच कंटेंटवाल्यांना न्यूट्रल केलं. वर्तमानपत्राने पहिल्या पानावर काय घ्यावं यात न्यूट्रल म्हणजे काय? सर्च इंजिनने कुणालाच वर-खाली करायचं नाही तर मग ते शोधणार काय? निवड करणं हेच त्यांचं काम आहे, आणि ती निवड आपल्याकडे घटनेच्या कलम १९(१)(अ) खाली येते. आता ही निवड न्यूट्रल आहे की नाही हे तपासणारा अधिकारी कोण असेल, त्याची कल्पना करून बघा. सरकारबद्दलची कोणती बातमी खोटी, हे ठरवण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये आयटी नियमांत फॅक्ट चेक युनिटची तरतूद केली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचं मत फुटलं, तिसऱ्या न्यायमूर्तींकडे प्रकरण गेलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती तरतूद रद्द झाली. ‘न्यूट्रल चेक युनिट’ निघालं तर ते याच्यापेक्षा बरं असेल असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

तारेचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात मजकुराकडे बघावंच लागत नाही. सीबीएसने काय दाखवलं याच्याशी कर्तव्य नाही. एकाच गावातल्या दोन घरांत, एकाच वर्गणीवर, फक्त तार वेगळी म्हणून वेगळी वागणूक मिळाली का, हे मोजता येतं.

मोजता येतं हे खरं, पण नंतर काय होतं ते कोरियात बघण्यासारखं आहे. तिथे २०१६ पासून नियम असा, की इंटरनेट कंपन्यांनी एकमेकांना, जेवढं ट्रॅफिक पाठवलं तेवढ्याचे पैसे द्यायचे. फेसबुकचा साठा ठेवलेला सर्व्हर केटी या कंपनीकडे होता. बाकी दोन कंपन्यांच्या ग्राहकांनाही तिथूनच फेसबुक जायचं, त्यामुळे नव्या नियमाने केटीच्या डोक्यावर खर्च बसला आणि केटीने तो फेसबुककडे मागितला. फेसबुकने डिसेंबर २०१६ पासून काही आठवड्यांत काय केलं, तर एसके ब्रॉडबँड आणि एलजी यूप्लस या दोन कंपन्यांच्या ग्राहकांचं ट्रॅफिक केटीवरून काढलं आणि हाँगकाँग, अमेरिका असं फिरवून पाठवायला सुरुवात केली. सोलमधला माणूस सोलमधल्याच मैत्रिणीचा फोटो बघतोय आणि फोटो समुद्र ओलांडून येतोय! तक्रारींचा पाऊस पडला, आणि अर्थात तो पडला इंटरनेट कंपन्यांवर. मार्च २०१८ मध्ये तिथल्या नियामकाने फेसबुकला ३९ कोटी ६० लाख वॉनचा दंड केला. फेसबुक कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये जिंकलं. कोर्टाचं म्हणणं असं, की ग्राहकांची गैरसोय झाली हे खरं, पण कायद्यात ‘वापरावर निर्बंध’ असे शब्द आहेत आणि हळू चालणं म्हणजे निर्बंध नव्हे.

मग कोरियाने कायदाच बदलला. दिवसाला सरासरी दहा लाखांवर वापरकर्ते आणि देशाच्या एकूण ट्रॅफिकपैकी एक टक्का ज्यांच्याकडे आहे, अशा कंटेंट कंपन्यांवर सेवा स्थिर ठेवण्याची जबाबदारी टाकली. डिसेंबर २०२० पासून तो लागू आहे, गूगल, फेसबुक, नेटफ्लिक्सला आणि नेव्हर, काकाओ या घरच्या कंपन्यांनाही. म्हणजे कंटेंटवाल्यांना नियमात आणणं अशक्य आहे असं कोणी म्हणू नये, एका देशाने ते केलं आहे. पण त्याच वाटेने टोलनाकाही आत शिरला. तुमच्यामुळे आमच्या तारांवर भार येतो, पैसे टाका, म्हणून एसके ब्रॉडबँड आणि नेटफ्लिक्स वर्षानुवर्षं कोर्टात भांडले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी आपसांत मिटवलं. व्हिडिओ गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या ट्विचने आधी कोरियात चित्र ७२० पिक्सेलवर आणलं, मग फेब्रुवारी २०२४ मध्ये देशच सोडला. इतर बहुतेक देशांच्या दहापट खर्च इथे येतो, असं त्यांच्या प्रमुखांनी सांगितलं. मधल्या मध्ये त्या प्रक्षेपणावर पोट असलेली पोरं उघड्यावर पडली.

आपल्याकडच्या मोठ्या दूरसंचार कंपन्यांची संघटना सीओएआय गेली काही वर्षं तोच टोल मागते आहे. ‘समान सेवा, समान नियम’ ही तिची घोषणा, आणि मोठं ट्रॅफिक करणाऱ्यांनी वाटा द्यावा ही मागणी. इथे मी ठाम विरोधात आहे. व्हिडिओ कंपनी माझ्या घरावर ट्रॅफिक फेकत नाही. मी मागते तेव्हा येतं, आणि त्या मागण्याचे पैसे मी रिचार्जमध्ये आधीच भरलेले असतात. एकाच डेटाचे दोन्ही टोकांकडून पैसे घ्यायचे आणि त्याला न्यूट्रॅलिटी म्हणायचं, हे मला पटत नाही.

आमच्या भागात केबल आणि इंटरनेट देणारे दादा माझ्याशी यावरून भांडतात. पूर्वी फक्त केबल होती, आता फायबर आहे. त्यांचं ऑफिस म्हणजे किराणा दुकानाच्या वरची एक खोली. बाहेर रिचार्जची वही घेऊन एक मुलगी बसते, आतल्या काचेच्या दाराआड रॅक. पिवळ्या पॅच कॉर्ड, लुकलुकणारे हिरवे दिवे, आणि बिल कितीही येवो, कधीच बंद न होणारा एसी. भिंतीवरच्या स्क्रीनवर ट्रॅफिकचा आलेख. दुपारभर सपाट, सातनंतर चढ, नऊ ते अकरा डोंगर. आयपीएलच्या दिवसांत त्या डोंगरावर आणखी एक सुळका निघतो आणि शेवटची ओव्हर संपली की कोसळतो. हे सगळं ट्रॅफिक मोजक्या चार-पाच कंपन्यांचं असतं.

मोठ्या कंटेंट कंपन्या आपल्या व्हिडिओंचा साठा असलेले सर्व्हर इंटरनेट कंपन्यांच्या घरात नेऊन ठेवतात. त्याने दोघांचाही फायदा होतो. व्हिडिओ जवळून येतो आणि मुंबईहून आणायच्या बँडविड्थचे पैसे वाचतात. पण तो बॉक्स कोणाला द्यायचा हे कंटेंट कंपनी ठरवते, आणि दादांएवढ्या ट्रॅफिकला तो मिळत नाही. त्यांना वरच्या पुरवठादाराच्या बॉक्सवर भागवावं लागतं. ट्रायने २०१७ च्या शिफारशींत हा सगळा प्रकार, कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, नियमांबाहेर ठेवला. एकंदरीत बरोबरच केलं, नाहीतर संध्याकाळी सातनंतर देशातलं इंटरनेट बसलं असतं. पण चढाओढीतली एक मोठी ताकद तिथे, त्या रॅकमध्ये, कोणाच्या नजरेत न येता बसलेली आहे.

एकदा एका मोठ्या व्हिडिओ कंपनीने मार्ग बदलला आणि दादांच्या ग्राहकांना तिचे व्हिडिओ अचानक सिंगापूरकडून यायला लागले. त्याच चौकातल्या दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर तोच व्हिडिओ झक्क. मी तेव्हा बिलाच्या कामाने तिथे गेले होते. दादा एका हाताने फोन कानाशी धरून शिव्या खात होते आणि दुसऱ्या हाताने मला काळी खिडकी दाखवत होते. पॅकेट कुठून कुठे उड्या मारतंय त्याच्या ओळी, आणि चौथ्या ओळीनंतर मिलिसेकंदाचा आकडा एकदम टुणकन वर.

“ताई, लाइन माझी ओके आहे, लॉस शून्य. पण गिऱ्हाईक मलाच बोलणार. त्या कंपनीचा नंबर आहे का कुणाकडं?”

ईमेल केली होती, उत्तर यायचं होतं. काही दिवसांनी मार्ग आपोआप पूर्ववत झाला. तोवर काही घरं त्या दुसऱ्या कंपनीकडे गेलेली.

दादांचं म्हणणं, मोठ्यांकडून टोल घ्यावाच. माझं म्हणणं, टोल लागला तर तो सीओएआयवाल्यांच्या खिशात जाईल, तुमच्या वहीत त्यातला रुपया येणार नाही. यावर ते म्हणतात, “मग मला बॉक्स तरी द्या म्हणावं.” ही मागणी मला टोलपेक्षा खूपच रास्त वाटते. बॉक्स द्यायच्या अटी जाहीर असाव्यात आणि सगळ्यांना सारख्या असाव्यात, एवढं तर मागता येईल.

तर नियम लिहायची वेळ माझ्यावर आली असती, तर मी तो असा लिहिला असता: ठरावीक आकाराच्या वरच्या कंटेंट कंपनीने, ग्राहक कोणत्या इंटरनेट कंपनीच्या जोडणीवरून आला एवढ्याच कारणाने त्याला सेवा नाकारू नये, सेवेचा दर्जा उतरवू नये, तांत्रिक कारणाने उतरवावा लागला तर तसं ग्राहकाला सांगावं. आकाराची मर्यादा कोरियासारखी असावी, म्हणजे नाशिकमधून पाककृतींची वेबसाइट चालवणारीला याचा ताप होणार नाही. हल्ले आणि फसवणूक रोखण्यासाठी केलेली अडवणूक अर्थातच वगळून. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या तोंडावर व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र बसून मोबाइल नेटवर्कवर चित्र ४८० पिक्सेलवर आणलं होतं. ते या नियमात अडकलं नसतं. सगळ्या नेटवर्कना सारखं होतं आणि आधी जाहीर केलेलं होतं. नेटफ्लिक्सची २०१६ ची करामत मात्र अडकली असती, कितीही चांगल्या हेतूने केलेली असली तरी.

फुकट वर्गणीचं काय, हा प्रश्न लगेच येईल, कारण आपल्याकडे गणित तिथेच अवघड होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातले माध्यम व्यवसाय एक झाले, ७०,३५२ कोटींचं घर झालं आणि चाव्या रिलायन्सकडे आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं, आणि आयपीएलच्या तोंडावर जिओने २९९ रुपयांच्या किंवा वरच्या रिचार्जवर ते ९० दिवस मोफत दिलं. २०१६ च्या नियमात हे अडकत नाही, कारण डेटाचा दर कोणत्याही ॲपला सारखाच राहतो. एअरटेल आणि व्हीआयचेही जिओहॉटस्टारसकटचे पॅक आहेत, आणि नुसती वर्गणी कोणालाही विकत घेता येते. त्यामुळे मी याला आज हरकत घेणार नाही. ईएसपीएन ३६० मध्ये आणि यात फरक हाच, की इथे तार कोणतीही असो, पैसे टाकून आत जाता येतं.

पण तार आणि सामना एकाच घरात असतील तर ‘सेवा पुरवठादार’ एवढा एकच शब्द लिहिलेला नियम किती पुरणार? तारेच्या बाजूने भेदभाव करायला बंदी आहे म्हणून तोच भेदभाव घरातल्या घरात कंटेंटच्या बाजूने करता येतो. तारेवर सगळं समान, आणि सर्व्हरवर मात्र दुसऱ्याच्या ग्राहकाला फायनलच्या रात्री थोडं कमी प्रतीचं चित्र. असं कोणी करतंय असं मी म्हणत नाही. करायचं ठरवलं तर अडवणारं कलम नाही, एवढंच म्हणते.

हे दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “आणि ताई, तक्रार कुठं करायची?” ट्राय ग्राहकांच्या वैयक्तिक तक्रारी घेत नाही आणि कंटेंट कंपन्या दूरसंचार परवान्याखाली नाहीत. ओटीटी २०२० पासून माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आहे, पण तिथली तक्रारीची तीन पायऱ्यांची व्यवस्था पडद्यावर काय दाखवलं यासाठी आहे, ते पडद्यापर्यंत पोचलं की नाही यासाठी नाही. समाजमाध्यमं इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे. मक्तेदारीचा गैरवापर म्हणावा तर स्पर्धा आयोग, आणि तिथे वर्षं जातात. मी हे सगळं बोटांवर मोजत सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं आणि ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा मेसेज लिहायला घेतला, कारण संध्याकाळचे सात वाजत आले होते आणि पुन्हा एक ॲप अडखळत होतं. “लाइनचा दोष नाही, कंपनीकडून प्रॉब्लेम आहे.” पहिलं उत्तर मिनिटाच्या आत आलं, “मग बिल पण कंपनीकडूनच घ्या.”